एए सेलवरची प्रखर एलईडी टॉर्च: आधी सेल बघा, मग लुमेन

टॉर्च घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचा, आकडा बघतो. साहजिकच आहे, सगळ्यात ठळक तोच छापलेला असतो. पण एए सेलवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च घेताना हा आकडा जरा बाजूला ठेवायचा आणि आधी सेलचा विचार करायचा. एका एए सेलमध्ये ठरावीकच ऊर्जा मावते. टॉर्च कितीही भारी असली तरी त्या ऊर्जेतून निघेल तेवढाच प्रकाश ती देणार. हे एकदा नीट समजलं की फुगवलेले दावे लगेच ओळखू येतात, आणि उरलेल्या चांगल्या टॉर्चमधून आपल्या कामाची कोणती हे ठरवणं सोपं जातं.

मुळात एएच का, असं कोणी विचारेल. जाड लिथियम-आयन सेलवरच्या टॉर्च याहून कितीतरी प्रखर असतात, हे खरंच आहे. डोंगराच्या पलीकडचा कडा उजळायचा असेल तर एए सेलच्या मागे लागू नका. पण एए सेल जिथे तिथे मिळतो, घड्याळातला किंवा खेळण्यातला काढून वेळेला वापरता येतो, आणि त्याला हाताळताना फारशी धास्ती बाळगावी लागत नाही. लाइट गेल्यावर घरातल्या कोणालाही, अगदी आजीलाही, सेल बदलून टॉर्च चालू करता आली पाहिजे, असं वाटत असेल तर एएसारखा दुसरा पर्याय नाही.

पायरी १: काम ठरवा आणि ते तासांत मोजा

"प्रखर हवी" एवढ्यावर टॉर्च निवडता येत नाही. किती प्रकाश आणि किती वेळ, असे दोन प्रश्न स्वतःला विचारा. अंदाज यावा म्हणून सांगतो: रात्री कोणाची झोप न मोडता खोलीत वावरायला १ ते ५ लुमेन पुरतात. पायवाटेवर चालायला ३० ते ५० लुमेन छान होतात. फोनची टॉर्चही साधारण याच घरात असते, फक्त तिचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि लांब जात नाही. अंगण, गच्ची किंवा शेताचा बांध नीट बघायचा असेल तर १०० ते १५० लुमेन लागतात. २०० ते ४०० लुमेनमध्ये मोठी खोली उजळून निघते आणि बाहेर बऱ्यापैकी लांबचं दिसतं. तुलनेसाठी, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ८०० लुमेन द्यायचा.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या. लुमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला प्रकाश दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. म्हणून ३०० लुमेनची टॉर्च की ३५० ची, यावर डोकं शिणवू नका, हातात घेतल्यावर तो फरक कळणारसुद्धा नाही. दीड तास टिकणारी की चार तास टिकणारी, हा फरक मात्र पहिल्याच रात्री कळतो.

पायरी २: सेल निवडा (इथे घाई नको)

एए हे फक्त मापाचं नाव आहे: साधारण १४.५ मिलिमीटर जाडी आणि ५०.५ मिलिमीटर लांबी. या मापात आत अगदी वेगवेगळ्या रसायनांचे सेल मिळतात, आणि एकच टॉर्च प्रत्येकावर वेगळी वागते.

सगळ्यात स्वस्त ते झिंक-कार्बन सेल. भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहेत. प्रखर टॉर्चमध्ये घालू नका, काही मिनिटांतच दम तोडतात.

अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे. त्यांच्यात ऊर्जा भरपूर असते, पण ती सावकाश घेतली तरच पुरती मिळते. पाणी काठोकाठ भरलेलं पण तोंड अरुंद, अशा बाटलीसारखं त्यांचं आहे. २०० लुमेनसाठी टॉर्चला सेलकडून दोन वॅटच्या आसपास शक्ती घ्यावी लागते, म्हणजे एकाच सेलमधून दीड-दोन अँपिअर प्रवाह. एवढा प्रवाह ओढला की अल्कलाइनचा व्होल्टेज खाली बसतो. व्होल्टेज बसला की तोच प्रकाश टिकवायला टॉर्चचं सर्किट आणखी प्रवाह ओढतं, मग तो आणखी बसतो. सावकाश वापरल्यावर २५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमधून किती वीज मिळते त्याचं माप) देणारा अल्कलाइन सेल एक अँपिअरवर त्याच्या निम्म्याहूनही कमी देतो. शिवाय अल्कलाइन सेल गळतात, आणि ते टॉर्चचं मोठं दुखणं आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचे रिचार्जेबल सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून पुष्कळांना ते कमी ताकदीचे वाटतात. प्रखर टॉर्चमध्ये अनुभव नेमका उलटा येतो. हे सेल दोन अँपिअर प्रवाह सहज देतात आणि जवळजवळ रिकामे होईपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात. जुन्या रिचार्जेबल सेलची खोड अशी होती की चार्ज करून कपाटात ठेवले तर महिन्या-दोन महिन्यांत आपोआप उतरायचे. २००५ साली सान्योने एनेलूप नावाने चार्ज टिकवणारे सेल बाजारात आणले, आणि आज बऱ्याच कंपन्या तसे सेल बनवतात. वर्षभर नुसते पडून राहिले तरी त्यांच्यात बराचसा चार्ज शिल्लक असतो. घेताना वेष्टनावर 'प्री-चार्ज्ड', 'रेडी टू यूज' किंवा 'लो सेल्फ-डिस्चार्ज' असे शब्द शोधा. १९०० ते २००० एमएएचचे असे सेल नवशिक्याने डोळे मिटून घ्यावेत. २५०० चे मिळतात, पण सहसा त्यांचं आयुष्य कमी चार्जिंगचं असतं. एए मापाच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर ३००० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला दिसला, तर तो सेल परत ठेवा. या रसायनात या मापात एवढं मावतच नाही.

एकदाच वापरायचे लिथियम सेल दीड व्होल्टचेच असतात आणि महाग पडतात. पण ते वजनाला अल्कलाइनच्या दोन-तृतीयांश भरतात, कडाक्याच्या थंडीतही काम करतात, फारसे गळत नाहीत, आणि कंपन्या त्यांची साठवण वीस वर्षांपर्यंत सांगतात. गाडीतल्या किंवा आणीबाणीच्या पिशवीतल्या टॉर्चसाठी हेच घ्या. रोजच्या वापराला परवडत नाहीत.

अलीकडे यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यांच्या पोटात लिथियम-आयन सेल आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. शेवटपर्यंत बरोबर दीड व्होल्ट देतात आणि मग एकदम बंद. टॉर्चला सेल संपत आल्याची चाहूलच लागत नाही, त्यामुळे अंधारात पायऱ्या उतरताना प्रकाश क्षणात जाऊ शकतो. या सेलवर आकडा बहुधा मिलिवॅट-तासांत छापतात. तो एमएएचशी ताडून बघू नका. त्याला १००० ने भागा, म्हणजे वॅट-तास मिळतील.

आता एक कळकळीची सूचना. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल मापाने हुबेहूब एएसारखा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला. नाहीतर टॉर्च जळेल. दोन सेल ओळीत घालायच्या एए टॉर्चमध्ये, रिमोटमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात तो कधीही घालायचा नाही. घरात असे सेल आणलेच तर ते वेगळ्या डबीत ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी ३: एक सेल, दोन की चार?

पांढऱ्या एलईडीच्या आत खरं तर निळा एलईडी असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून पांढरा प्रकाश दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधानंतरच आजची पांढरी एलईडी टॉर्च शक्य झाली. हा निळा एलईडी पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात, आणि एक एए सेल तर दीडच्या पुढे जात नाही. म्हणून एका सेलच्या टॉर्चमध्ये व्होल्टेज चढवणारं सर्किट, म्हणजे बूस्ट ड्रायव्हर, असावाच लागतो. त्या चढवण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

एका सेलची टॉर्च बोटभर लांब, खिशात विसरून जाल इतकी हलकी. निकेल-मेटल हायड्राइड सेलवर अशा चांगल्या टॉर्च १५० ते ४०० लुमेनपर्यंत जातात. दोन सेलची सरळ नळीची टॉर्च पेनाएवढी लांब होते, पण हातात छान बसते, प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो आणि वेळ दुप्पट मिळतो. घरात एकच टॉर्च ठेवायची असेल तर माझं मत दोन सेलवालीला. चार सेलवाल्या आखूड आणि जाडजूड असतात. तासन्‌तास मोठा प्रकाश हवा असेल तर त्याच घ्या, फक्त खिशाचा नाद सोडावा लागेल.

तीन सेलच्या टॉर्च मी सहसा सुचवत नाही. चार्जर आणि सेलची पाकिटं जोडीच्या हिशेबाने येतात, मग एक सेल कायम एकटा पडतो. त्याहून सावध राहायचं ते तीन बारीक एएए सेल प्लॅस्टिकच्या चकतीत अडकवलेल्या टॉर्चपासून. एएए सेलमध्ये एएच्या सुमारे चाळीस टक्केच ऊर्जा असते, आणि अशा बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये ड्रायव्हरच नसतो. नवे सेल घातले की डोळे दिपतात आणि थोड्याच वेळात उजेड मलूल व्हायला लागतो.

पायरी ४: लुमेन-तासांचा हिशेब करा

दुकानात उभ्या उभ्या करता येईल असा हा हिशेब आहे. २००० एमएएचचा, १.२ व्होल्टचा सेल घ्या. २ गुणिले १.२, म्हणजे २.४ वॅट-तास ऊर्जा. आजची चांगली टॉर्च, सर्किटमधली तूट धरून, सेलमधल्या एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देते. म्हणजे एका सेलमधून सुमारे २४० लुमेन-तास मिळतात. आता वाटणी करा: १०० लुमेनवर जवळपास अडीच तास, ५० वर पाच तासांच्या आत-बाहेर, १० वर वीस तास किंवा थोडे जास्त. २०० लुमेनवर एक तास मिळाला तर टॉर्च उत्तम समजा, कारण एलईडीला जोरात चालवलं की त्याची कार्यक्षमता घसरते. दोन सेल असतील तर सगळे आकडे दुप्पट, चार असतील तर चौपट.

आता समजा एका एए सेलच्या टॉर्चवर '१००० लुमेन, ६ तास' असं लिहिलंय. हे होतात ६००० लुमेन-तास. सेलमध्ये आहेत २४०. पंचवीस पटींचा फरक. विक्रेत्याशी वाद घालायची गरज नाही, खोकं खाली ठेवा आणि पुढची बघा.

पण प्रत्येक मोठा आकडा खोटाच असतो असंही नाही. चांगल्या कंपन्यांच्या ज्या टॉर्च एए आणि १४५०० दोन्हींवर चालतात, त्यांच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा १४५०० वरचा असतो. एए घातल्यावर त्याच टॉर्चचे लुमेन पार निम्म्यावर किंवा त्याखाली येतात. माहितीपत्रकातल्या तक्त्यात 'एए' किंवा 'निकेल-मेटल हायड्राइड' असा रकाना वेगळा दिलेला असतो. तुम्ही वाचायचा तो तोच. असा रकाना दिलेलाच नसेल तर खरेदीची घाई करू नका.

वेळेच्या आकड्यातही एक मेख असते. २००९ साली अमेरिकेत एएनएसआय एफएल-१ हे टॉर्चचं मानक आलं. तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजायची. या मानकानुसार लुमेन मोजायचे ते टॉर्च चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या अवधीत, एकदम पहिल्या क्षणाला नाही. ही चांगली गोष्ट आहे. पण वेळ मोजायची ती प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे ३०० लुमेनची टॉर्च पाच मिनिटांत ८० वर आली आणि मग तीन तास रेंगाळत ३० वर पोचली, तरी खोक्यावर '३०० लुमेन, ३ तास' लिहायला मुभा आहे. खरं काय होतं ते कळतं वेळेनुसार प्रकाश कसा उतरतो ते दाखवणाऱ्या आलेखावरून. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर लुमेन. रेघ बराच वेळ सपाट चालून शेवटी झपकन खाली आली, तर टॉर्चमध्ये प्रकाश स्थिर राखणारं सर्किट आहे. पहिल्या मिनिटापासूनच घसरगुंडी असेल तर ते नाही. सगळ्यात वरच्या जोरावर काही मिनिटांनी प्रकाश आपोआप एक पायरी उतरतो, तो दोष समजू नका. एवढ्याशा धातूच्या नळीतली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये तशी सोय मुद्दाम केलेली असते.

पायरी ५: झोत लांब हवा की पसरट?

लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण प्रकाश. तो एका ठिकाणी किती एकवटलाय, हे कँडेला सांगतात. तेवढ्याच लुमेनमध्ये एक टॉर्च झाडाचा शेंडा दाखवते आणि दुसरी पायाखालची सगळी वाट.

मानकात झोताचं अंतर काढायची रीत सोपी आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. २५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० कँडेलाला २०० मीटर. कँडेला चौपट केल्यावर अंतर फक्त दुप्पट झालं, हे इथे दिसतं. हे अंतर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्सवर येतो ते ठिकाण. निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं साधारण एवढं असतं. तेवढ्यात आकार कळतो, ओळख पटत नाही. म्हणून छापील अंतराच्या निम्मंच कामाचं धरा.

एका किंवा दोन एए सेलच्या टॉर्चला मी तरी लांबच्या झोताची हौस करणार नाही. डोकं लहान असल्यामुळे परावर्तकही, म्हणजे एलईडीभोवतीची चकचकीत वाटीही, लहान असतो, आणि लांबचा झोत साधायला तो मोठा लागतो. जवळच्या आणि मधल्या अंतराला पसरट, सारखा प्रकाश मिळाला तर चालताना, दुरुस्ती करताना, काही शोधताना डोळ्यांना ताण पडत नाही. टॉर्च बघायला मिळाली तर दोन हातांवरच्या पांढऱ्या भिंतीवर झोत पाडा. मधला तेजस्वी गोळा आणि भोवतालचं फिकट वर्तुळ दिसेल. गोळ्याची कड हळुवार विरत असेल तर चांगलं. काळी कडी, पिवळी कडा किंवा एलईडीच्या चौकोनाची सावली दिसत असेल तर ती टॉर्च वापरताना सतत खुपेल. परावर्तक आरशासारखा गुळगुळीत असेल तर झोत लांब जातो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर मऊ पडतो. डोकं पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करायच्या टॉर्च दिसायला आकर्षक असतात, पण त्यात बराच प्रकाश आतच अडतो आणि सरकत्या भागातून पाणी शिरायची भीती राहते. नवशिक्याने त्या टाळलेल्याच बऱ्या.

पायरी ६: प्रकाशाचा रंग

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात. ५००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश दिवसाच्या उजेडासारखा वाटतो, ६५०० च्या पुढचा निळसर, ३००० चा पिवळट. फॉस्फरचा थर कमी ठेवला तर निळसर छटेबरोबर लुमेनही थोडे जास्त मिळतात, म्हणून आकड्यांच्या शर्यतीतल्या टॉर्च बहुधा निळसर असतात. रंग किती खरे दिसतात त्यासाठी सीआरआय हा आकडा बघा. नेहमीच्या टॉर्चचा तो ७० असतो, चांगल्यांचा ९० च्या वर. विजेच्या वायरींचे रंग ओळखायचे असतील, जखम बघायची असेल किंवा पानावरची कीड शोधायची असेल, तर चार लुमेन कमी मिळाले तरी चालतील, ९० सीआरआयचीच घ्या.

पायरी ७: बटण आणि प्रकाशाच्या पायऱ्या

ही गोष्ट खोक्यावर कळत नाही आणि वापरताना क्षणोक्षणी जाणवते.

टॉर्चमध्ये निदान तीन पायऱ्या हव्यात, आणि सगळ्यात खालची खरोखर मंद हवी, ५ लुमेन किंवा त्याहून कमी. प्रखर टॉर्च शोधणाऱ्याला मंद प्रकाशाचं महत्त्व पटत नाही. पण रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठल्यावर ३०० लुमेन डोळ्यांवर आले की पुढची काही मिनिटं धड काहीच दिसत नाही. शिवाय लाइट रात्रभर गेली तर याच मंद पायरीवर एक सेल सकाळपर्यंत पुरतो. वरच्या आणि खालच्या पायरीच्या मध्ये ५० ते १०० लुमेनची एक पायरी असावी. तुमचा नव्वद टक्के वापर तिथेच होणार आहे.

चालू केल्यावर टॉर्च कोणत्या पायरीवर सुरू होते ते विचारा. काही कायम मंदपासून सुरू होतात, काही शेवटची पायरी लक्षात ठेवतात. दोन्ही चांगल्या. पायऱ्या बदलताना मध्येच लुकलुक लागणारी टॉर्च मात्र नको. तो लुकलुकाट वेगळ्या खुणेमागे, उदाहरणार्थ तीन वेळा झटपट दाबल्यावर, लपलेला असावा.

बटणांचे दोन प्रकार. शेपटीकडचं 'टक' आवाज करणारं यांत्रिक बटण विजेचा रस्ताच तोडतं. बंद म्हणजे पूर्ण बंद. बाजूचं मऊ बटण इलेक्ट्रॉनिक असतं आणि ते वाट बघत सेलमधून कणभर वीज सतत खात राहतं. चांगल्या टॉर्चमध्ये हे खाणं इतकं नगण्य असतं की वर्षभरात फरक पडत नाही, पण हलक्या टॉर्चमध्ये दोन महिन्यांत सेल कोरडा होतो. त्यावर एक सोपा उपाय आहे: मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे धातूवरचा वीज न वाहू देणारा, थर असेल तर वीजजोडणी तुटते आणि पिशवीत बटण चुकून दाबलं जाऊन टॉर्च तापण्याचा धोकाही टळतो. हा उपाय तुमच्या टॉर्चवर चालतो का, ते झाकण फिरवून एकदा बघून घ्या.

पायरी ८: पाणी आणि आपटणं

टॉर्च पाणी आणि धूळ किती अडवते ते 'आयपी' आकड्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसात वापरायची असेल तर ७ च घ्या. 'एक्स' च्या जागी ६ असेल, जसं आयपी-६७, तर धूळही आत जात नाही. किती मीटरवरून पडली तरी चालेल तेही लिहिलेलं असतं, एक मीटर पुरेसं आहे. झाकणाच्या आट्यांजवळ काळी रबरी कडी असते, तीच पाणी अडवते. तिला वर्षातून एकदोनदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा.

पायरी ९: चार्जर आणि सेलची निगा

चांगले सेल घेऊन टाकाऊ चार्जरमध्ये घातले तर पैसे पाण्यात. प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देणारा चार्जर घ्या. ओळखायची खूण: प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असतो आणि एकटा सेलही चार्ज होतो. सेल जोडीनेच घाला, असं सांगणारे किंवा ठरावीक तासांनी नुसते बंद होणारे चार्जर नकोत. त्यांत एक सेल अर्धा राहतो आणि दुसरा तापत बसतो.

दोन सेलच्या टॉर्चमध्ये एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे, सारखे चार्ज केलेले सेल घाला. एक भरलेला आणि एक अर्धा असेल तर अर्धा आधी रिकामा होतो, आणि भरलेला सेल त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो. त्यात रिकामा सेल उलटा चार्ज होऊन कायमचा बिघडतो. मी सेलवर मार्करने जोडीचं अक्षर आणि महिना-वर्ष लिहून ठेवतो. अ-अ एकत्र, ब-ब एकत्र. जुने-नवे सेल कधी मिसळत नाहीत.

आणि आता गळतीबद्दल. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेली, अल्कलाइन सेल घातलेली टॉर्च उघडायला जावं तर झाकण फिरत नाही. जोर लावून उघडलं की आट्यांत पांढरी, मिठासारखी पूड दिसते, स्प्रिंग हिरवट झालेली असते, आणि फुगलेला सेल नळीत इतका घट्ट बसलेला असतो की आपटूनही बाहेर येत नाही. ती पूड म्हणजे सेलमधून झिरपलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा हवेशी संयोग होऊन झालेला क्षार. त्वचेला आणि डोळ्यांना तो वाईट, म्हणून हातमोजे घाला. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ती जागा पुसा, मग ओलसर फडक्याने, मग कोरड्या, आणि दिवसभर उघडी ठेवा. गळती थोडी असेल तर टॉर्च वाचते. सर्किटपर्यंत पोचली असेल तर नाही. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल ठेवून विसरायचं नाही. घालावेच लागले तर काम झालं की काढून शेजारी ठेवा.

पायरी १०: घरी आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत

परत करायची मुदत संपायच्या आत टॉर्चची परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज केलेले सेल घाला, धन-ऋण बाजू बघून. सगळ्या पायऱ्या चालवून बघा. फोनचा कॅमेरा टॉर्चच्या उजेडात धरा: मधल्या आणि मंद पायरीवर पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर प्रकाश वेगाने लुकलुकतोय. काहींना त्याने डोकं दुखतं. टॉर्च कोणाच्याही डोळ्यांत मारून तपासू नका, विशेषतः लहान मुलांच्या.

मग शेपटीवर उभी करून छताकडे झोत सोडा, शंभर लुमेनच्या जवळची पायरी लावा आणि घड्याळ बघून ठेवा. खोलीत बसून आपापली कामं करा, अधूनमधून उजेडाकडे आणि टॉर्चच्या अंगाकडे लक्ष द्या. कोमट लागली तर चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा. उजेड स्पष्ट कमी झाला ती वेळ टिपून चौथ्या पायरीतल्या हिशेबाशी जुळवा. एका सेलवर दोन तासांच्या आसपास मिळाले तर टॉर्चही खरी आणि सेलही खरा. तासाभरात मावळली तर दुसऱ्या, खात्रीच्या सेलवर पुन्हा करून बघा. तरीही तेच झालं तर खोकं आणि पावती शोधा आणि टॉर्च परत करा.